आईला न वाचायचं पान

२ डिसेंबर

प्रिय वन्सं,

पांढरं पान सोबत आहे, आईंनी सांगितलं तसं लिहून घेतलेलं. त्यात त्यांचा खोकला आहे, नव्या दातांची तक्रार आहे आणि "बेबीला सांग, थंडीत कान झाकून बाहेर पड" हेही आहे. बेबी आता बावन्न वर्षांची आहे, ह्याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

हे निळं पान नेहमीसारखं तुमच्या-माझ्यातलं. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी काय फायदा! आईंना फोनवर पोटच्या मुलीचा आवाज ऐकू येत नाही, पण मी स्वयंपाकघरात नुसती पुटपुटले तरी पलंगावरून विचारतात, "काय म्हणालीस?" डोळे गेल्यापासून त्यांचा सगळा जीव तुमच्या पत्रात असतो. मी वाचून दाखवते, त्या हातात घेऊन कागद चाचपतात, आणि उशीखाली ठेवतात. निळी पानं घरात येतात हे तुमच्या दादांनासुद्धा माहीत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या मणक्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, ९ जानेवारी. आधी दोनदा पुढे ढकललं, दोन्ही वेळा तुम्हाला जमत नव्हतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, आता ढकललंत तर डावा पाय कायमचा जाईल. ऑपरेशननंतर तीन महिने मला भरलेलं पातेलंही उचलायचं नाही, आणि आईंना मी दिवसातून सहा वेळा उचलते. दादा तयार आहेत, पण आई म्हणतात, "पोराच्या हातून अंघोळ? त्यापेक्षा मेलेली बरी." पगारी बाई ठेवून पाहिली, तिला त्यांनी तीन दिवसांत पळवून लावलं.

तुम्ही ऑक्टोबरात कबूल केलंत की यंदा नाताळचं जेवण आमच्याकडे ठेवायचं, तुम्ही सगळे यायचं, आणि जाताना आईंना घेऊन जायचं. मी ते धरून चालले आहे. हॉटेलच्या लॉण्ड्रीत सध्या दिवसाला चारशे टेबलक्लॉथ येतात (लोक सूप पितात की टेबलाला पाजतात, कळत नाही), रजा फक्त पंचवीस तारखेची आहे. तरी सगळं करीन. तुम्ही फक्त शब्द पाळा.

तुमची,
वहिनी


७ डिसेंबर

(पांढरं पान)

माझी लाडकी आई,

तुझी आठवण आली नाही असा दिवस जात नाही. मागच्या खोलीत खिडकीपाशी तुझा पलंग टाकलाय. उशाशी बसलं की बाहेरचं झाड दिसतं. तू आलीस की मी रोज तुझे केस विंचरणार, लहानपणी तू माझे विंचरायचीस ना, तसे. वहिनीला त्रास देऊ नकोस हं. तिचा स्वभाव जरा तुटक आहे, पण मनाने वाईट नाही.

तुझी,
बेबी

(निळं पान)

वहिनी,

जेवण तुझ्याकडेच. शब्द दिला म्हणजे दिला. माझ्या पार्लरमध्ये तर लग्नाच्या मुलींची नुसती रांग लागली आहे, मान वर करायला फुरसत नाही, तरी येणार.

आम्ही दोघं, माझे सासरे, दीर, जाऊबाई, त्यांची मुलगी आणि जावई, असे सात. तुम्ही तीन. सासऱ्यांना साखर आहे, केक वेगळा कर. जावई मांस खात नाहीत, पण त्यांना वेगळं काढलंय असं जाणवू देऊ नकोस. मागच्या खेपेला, सात वर्षांपूर्वी, तुझी कोंबडी कोरडी झाली होती. कुणी बोललं नाही, मी आपलं माणूस म्हणून सांगते. टवके उडालेल्या बश्या मांडू नकोस. टेबलक्लॉथ तर तुझ्या हातचाच मळ, चांगलासा एखादा आण.

आणि आईला चाकाच्या खुर्चीत आणू नकोस, साध्या खुर्चीत बसव. माझ्या सासरच्यांसमोर बरं नाही दिसत. वास येणार नाही एवढं बघशीलच.

तुझी,
वन्सं


११ डिसेंबर

वन्सं,

दहा सारख्या बश्या हॉटेलातून मागून आणल्या. टेबलक्लॉथ मी स्वतः इस्त्रीच्या रोलरमधून दोनदा काढला, त्यावर मुंगी चालली तर घसरेल. कोंबडीचं लक्षात ठेवीन. तुम्ही आपलं माणूस आहात म्हणून सांगते, तुमचं नाक सासरी गेल्यापासून जरा नाजूक झालंय. आईंना वास येत नाही. रोज मी अंघोळ घालते.

त्यांनी बॅग भरली आहे. म्हणजे मी भरली, त्यांच्या हुकमाने. रोज सकाळी मला ती उघडायला लावतात, एकेक कपडा हातात घेतात, "हा नको, बेबीकडे चांगले कपडे लागतील" म्हणतात, आणि मग मी परत घड्या घालते. झाडाचं त्यांना मी तीनदा वाचून दाखवलं. त्यांना दिसत नाही हे तुम्ही विसरलात की काय, असं मनात आलं, पण त्या इतक्या खूश झाल्या की गप्प बसले.

एक सांगू? हे कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. परवा अंघोळीच्या वेळी कमरेत अशी कळ आली की आई हातातून निसटता निसटता राहिल्या. खाली ओली फरशी. त्या क्षणी मनात आलं, निसटल्या तर बरं. आलं ते आलं. मग त्यांना घट्ट धरलं, कोरडं केलं, सूप भरवलं, आणि संडासात जाऊन रडले. हे मी तुमच्या दादांना सांगितलं नाही, देवाला सांगायचीही लाज वाटली. तुम्ही मुलगी आहात त्यांची, म्हणून तुमच्यापाशी कबूल करते. हे पान जाळून टाका.

वहिनी


१७ डिसेंबर

(पांढरं पान)

लाडकी आई,

आता फक्त आठ दिवस! मी तर बोटं मोजतेय.

बेबी

(निळं पान)

वहिनी गं,

तुझं पान वाचून डोळ्यांत पाणी आलं. माणूस आहेस, थकणारच. मी काय परकी आहे? लगेच जाळलं. तू निर्धास्त राहा.

मागच्या खोलीचं जरा काम निघालंय, पण ते आपण बघू. नाताळ एकदा नीट पार पडू दे. सासऱ्यांना भिंतीकडे पाठ करून बसव, त्यांना वारा सोसत नाही.

वन्सं


२४ डिसेंबर
(दिरांच्या हाती)

(पांढरं पान)

माझी आई,

काय सांगू, अंगात ताप आहे, उभं राहवत नाही. हे माझ्या उशाशी बसून आहेत. सासरची माणसं मात्र तुझ्याकडे पाठवते आहे, त्यांचा नाताळ कशाला बुडवायचा? मी बरी झाले की धावत येईन. रागावू नकोस.

तुझी बेबी

(निळं पान)

वहिनी,

हे पान आईला वाचू नकोस. ताप-बीप काही नाही. मागची खोली ऑक्टोबरातच पार्लरला घेतली, आरसे लागले, खुर्च्या बसल्या. पलंग कुठे टाकणार? तेव्हाच सांगितलं असतं, पण मग नाताळ माझ्या गळ्यात पडला असता आणि ह्या गर्दीत मला ते झेपलं नसतं.

खरं बोलू? आईचं मला होणार नाही. मला तिचा वास सहन होत नाही. तुला सवय आहे, दिवसभर तू दुसऱ्यांचं मळकंच धुतेस. एखादा चांगला आश्रम बघ, मी सणावारी भेटून येईन.

आणि माझ्यापुढे सोशिकपणाचा आव आणू नकोस. "निसटल्या तर बरं" हे तूच लिहिलंस. ते पान मी जाळलेलं नाही. दादाला दाखवायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

सासऱ्यांना केक दुसऱ्यांदा विचारू नकोस, ते नाही म्हणत नाहीत.

वन्सं


२६ डिसेंबर

वन्सं,

तुमच्या सासऱ्यांनी केक तीनदा घेतला. मी विचारलं नव्हतं, मी तेव्हा टेबलाशी नव्हतेच.

कोंबडी चांगली झाली होती. जाऊबाई म्हणाल्या, "अगदी लुसलुशीत." तुमच्या दिरांनी पाकीट दादांच्या हातात दिलं, कारण मी ओव्हनपाशी होते. आई म्हणाल्या, "बेबीचं आहे का? वाच, मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे." आणि दादा वाचायला लागले.

तुमच्या दादांचं काम तुम्हाला ठाऊक आहे. तीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचतात. एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा समोरच्या कागदाशी ताडून बघतो. तिथे मजकूर डोळ्यांतून शिरतो, तोंडातून बाहेर पडतो, डोक्याकडे फिरकत नाही. कायद्याचं पुस्तक असो की मयताची जाहिरात असो, ह्यांचा सूर एकच. त्यात महिनाभर कॅलेंडरं आणि डायऱ्या वाचून बिचारे पार पिचलेले. पांढरं पान संपलं, त्यांनी निळं पुढे घेतलं. मी आतून ऐकलं: "वहिनी, स्वल्पविराम. हे पान आईला वाचू नकोस, पूर्णविराम. ताप-बीप काही नाही, पूर्णविराम."

मी धावले. म्हणजे मला जेवढं धावता येतं तेवढं. दारापर्यंत पोचले तोवर ते वासापर्यंत आले होते. मी "अहो, थांबा" म्हणून ओरडले, तर त्यांनी हात वर केला, प्रेसमध्ये करतात तसा, ओळ पुरी झाल्याशिवाय थांबायचं नाही म्हणून. माझ्या वाक्याला त्यांनी अवतरणचिन्हंसुद्धा वाचली, वन्सं. सुरू आणि बंद. "वन्सं" म्हणून संपवलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर आपण काय वाचलं ते उमटलं.

जावई बश्या उचलायला लागले. आई साध्या खुर्चीत बसल्या होत्या, तुम्ही सांगितलं होतंत तशा. त्यांनी विचारलं, "झालं वाचून?" दादा म्हणाले, "हो." मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तू हात लावू नकोस मला." दादांनी आणि तुमच्या दिरांनी मिळून आत नेलं. कालपासून अंघोळ नाही, माझ्या हातचं पाणी नाही.

मी लिहिलं ते मी नाकारत नाही. तुम्हीही नाकारू नका. आता लपवायला काही उरलंच नाही, तेव्हा तुम्ही या, दोघी मिळून त्यांच्यासमोर बसू. त्यांनी मला माफ नाही केलं तरी चालेल. पण दोन आठवड्यांनी माझा पाय माझा राहणार नाही, एवढं तरी ध्यानात घ्या.

वहिनी


२८ डिसेंबर

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

आई सांगते आहे तसं शब्दशः लिहितो आहे. - दादा

बेबी, ताप उतरला का? काढा घे, केस ओले ठेवू नकोस.

तुझं पत्र नाताळच्या दिवशी मिळालं. त्याच्याबरोबर एक घाणेरडा कागद निघाला. तो तू लिहिलेला नाहीस हे मला पहिल्या ओळीला कळलं. माझ्या पोटची पोर आईबद्दल असं लिहील? ते सगळं हिच्या मनातलं आहे. मी पडले तर बरं, हे हिलाच वाटतं, ते त्यात आलंच आहे. तुझ्यामाझ्यात विष कालवायचं म्हणून हिने लिहिलं आणि पाकिटात सरकवलं. तुझा दादा म्हणतो अक्षर बेबीचं आहे. तो बायकोच्या ओंजळीने पाणी पितो. (हे वाक्य आईने दोनदा सांगितलं. - दादा)

सहा वर्षं हिने माझं केलं, पण मनात काय होतं ते आत्ता कळलं. तू सहा वर्षं आली नाहीस तरी तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. माणसाचं मन बघावं.

तू एकदा लिही की तो कागद तुझा नाही. मला खात्री आहे, पण ह्या दोघांच्या तोंडावर मारायला हवंय. मग मी जिवंत आहे तोवर तो विषय काढणार नाही.

बॅग तयार आहे.

तुझी आई


३० डिसेंबर

(पांढरं पान)

माझी भोळी, माझी गुणाची आई,

तुझं पत्र वाचून ढसाढसा रडले. आई, तो कागद माझा नाही. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते. असं लिहिण्याआधी माझा हात झडून जाईल. मला वास येतो म्हणे तुझा! तुझ्या कुशीतला वास आठवून मी आजही झोपते.

वहिनीवर रागावू नकोस. तिची पाठ दुखते, त्यात हॉटेलची हमाली, डोकं ठिकाणावर राहत नसेल. दुखणाईत माणूस काय वाटेल ते लिहून बसतं. तू मोठ्या मनाने माफ कर. मी तर केलं.

पलंग तुझी वाट बघतोय. जरा हे लग्नसराईचं संपू दे.

तुझीच,
बेबी


२ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. निळं पान नव्हतं. आता माझ्याशी बोलण्यासारखं काही राहिलं नसेल. दादा प्रेसमध्ये गेलेले, म्हणून आईंनी नाइलाजाने मलाच वाचायला लावलं. "जसंच्या तसं वाच, बेबीने लिहिलंय तसं." माझ्याच तोंडून त्यांना ऐकायचं होतं की तो कागद मी लिहिला.

वाचलं. तुमचा हात झडला तेही वाचलं, मला माफ केलंत तेही वाचलं. सहा वर्षं तुमची पत्रं वाचते आहे, कधी काना-मात्रेचा फरक केला नाही. तुम्ही वर्षभरात चार ओळी पाठवायचात तेव्हा सुद्धा पदरची पाचवी घातली नाही. आणि आज मी खोटी पत्रं लिहिणारी ठरले. म्हटलं, मार खाऊनच झालाय, तर आता चोरीही करून टाकू.

"जरा हे लग्नसराईचं संपू दे" ही ओळ मी गाळली. तिच्या जागी वाचलं: "शनिवारी सकाळच्या गाडीने मी तुला न्यायला येते."

त्या म्हणाल्या, "परत वाच." तीनदा वाचलं. मग त्यांनी आठ दिवसांत पहिल्यांदा माझा हात धरला आणि म्हणाल्या, "जाऊ दे, झालं गेलं. शेवटची अंघोळ तूच घाल, बेबीकडे स्वच्छ जायला हवं." मी घातली. कमरेतून जीव गेला, पण घातली. तेव्हाही त्यांना सांगता आलं असतं, ती ओळ माझी आहे म्हणून. नाही सांगितलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही, वन्सं. तुम्हाला हे इतकी वर्षं कसं जमतं ते कळलं.

सोमवारी मी दवाखान्यात भरती होणार, आभाळ कोसळलं तरी. तुम्ही शनिवारी आलात तर बॅग दारातच आहे. नाही आलात तर मी त्यांना काहीही समजावणार नाही. फोन लावून देईन आणि त्यांच्या हातात ठेवीन. त्यांना तुमचं ऐकू येणार नाही, पण त्या काय बोलतात ते तुम्हाला येईल. तुम्ही उचलला नाहीत तर दादांच्या हातून पत्र येईल, त्या सांगतील तसं, शब्दशः.

माझं ते पान खुशाल दादांना दाखवा. ते एकदा मोठ्याने वाचून झालंय.

आज मंगळवार. आई दुपारपासून दाराशी खुर्ची टाकून बसल्या आहेत. मी म्हटलं, "आई, आत चला, अजून चार दिवस आहेत." त्या म्हणाल्या, "असू दे गं. माझी आठवण आली तर ती लवकरही येईल."

वहिनी